आधी लस कोणती ते विचार

अगं, आशाताईंच्या बैठकीत तुला विचारलेल्या प्रश्नाने एवढी गांगरू नकोस. ‘कोविशिल्डच्या वाहकालाच शरीर ओळखायला लागलं, मग दुसरा डोस वाया गेला का?’ कळमेश्वरच्या बाया इतकं नेमकं विचारतात, मला तर कौतुकच वाटलं.

हे बघ, पुण्याच्या सीरममध्ये बनलेल्या त्या लशीत कोरोनाचा विषाणू नव्हताच. चिंपांझीचा एक अ‍ॅडेनोव्हायरस घेतला, त्याची वाढायची ताकद काढली आणि कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक त्यात बसवलं. हा अ‍ॅडेनोव्हायरस म्हणजेच वाहक. आपल्या पेशी ते प्रथिन बनवतात, मग शरीर लढायला शिकतं. पण वाहक आधीच ओळखीचा असला तर? एमआयडीसीच्या गेटवर वॉचमनकडे एखाद्या ट्रकचा नंबर लिहून ठेवला असला, की माल चांगला का असेना, तो बाहेरच अडतो.

म्हणून तर ही लस शोधणाऱ्या ऑक्सफर्डवाल्यांनी माणसांत न फिरणारा वाहक शोधला. याउलट एडी-5 हा माणसांतला अ‍ॅडेनोव्हायरस. लहानपणच्या सर्दी-खोकल्यातून कितीतरी जणांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी असतात. मर्कने त्याच्यावर एचआयव्हीची लस बेतली. 2007 मध्ये चाचणी थांबवावी लागली. लस तर चालली नाहीच, उलट आधीच्या अँटिबॉडी असलेल्या काही पुरुषांत संसर्ग जास्त दिसला. चीनच्या कॅनसिनोची कोरोना लसही एडी-5 वरचीच. 2020 च्या चाचणीत अशा लोकांत तिचा प्रतिसाद फिका पडला. रशियाच्या स्पुतनिकवाल्यांनी मात्र पहिल्या डोसाला एडी-26 आणि दुसऱ्याला एडी-5 वापरला. वाहकच बदलायचा, मला ही युक्ती फार आवडते.

कोविशिल्डच्या दोन्ही डोसांत वाहक एकच. पहिल्यानंतर त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी बनतात, ते लपवू नकोस. पण डोस वाया गेला म्हणणं चूक. चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेणाऱ्यांत परिणामकारकता 55 टक्के होती, तर 12 आठवडे किंवा त्याहून जास्त थांबणाऱ्यांत 81. मे 2021 मध्ये आपल्याकडे अंतर 12 ते 16 आठवडे झालं, तेव्हा ‘लस संपली म्हणून पुढे ढकलतात’ अशी कुजबुज होती. तुटवडा होताच बाई, पण अंतराला आधारही होता. हा सगळा फरक वाहकामुळेच, असं मात्र ठासून सांगू नकोस. इतर प्रकारच्या लशींतही जास्त अंतराने प्रतिसाद सुधारलेला दिसतो.

आणि सगळ्यांना एकच उत्तर देत सुटू नकोस. आधी प्रमाणपत्र बघायला माग. कोव्हॅक्सिन घेतली असेल तर वाहकाचा प्रश्नच नाही, तिच्यात निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू असतो. कॉर्बेव्हॅक्समध्ये नुसतं प्रथिन. नाकात टाकायच्या इन्कोव्हॅकबद्दल कोणी विचारलंच, तर सांग की तिचाही वाहक चिंपांझीचाच, पण कोविशिल्डपेक्षा वेगळा.