ताप उतरला, धोका नाही?

माझ्या धाकट्या भावाला स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचा आजार आहे. त्या सुजेने पित्तनलिका आवळली गेली, कावीळ झाली आणि ईआरसीपी करून नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट बसवावा लागला. ईआरसीपीत तोंडातून घातलेली दुर्बीण पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते तिथपर्यंत नेतात. घरी सोडताना अँटिबायोटिकचा कोर्स दिला नाही, म्हणून भावजय अस्वस्थ होती. एवढी मोठी प्रोसिजर, आणि साध्या गोळ्याही नाहीत?

डॉक्टरांनी शांतपणे समजावले, "पित्त मोकळे वाहू लागले की जंतूंना थारा मिळत नाही. ते अडून राहणार असे दिसले असते, तर अँटिबायोटिक मीच सुरू केले असते."

पुढे मी याविषयी बरेच वाचले. युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली हेच सांगितले आहे: ईआरसीपीआधी सरसकट अँटिबायोटिक नको. पित्ताचा पूर्ण निचरा होणार नाही अशी शक्यता असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल किंवा पित्तनलिकेच्या आत छोटी दुर्बीण घालायची असेल, तर मात्र द्यावे. स्वादुपिंडातल्या घट्ट गाठीचा सुईने नमुना घेतानाही ते लागत नाही. पाण्याच्या गाठीत सुई घालताना पूर्वी सगळ्यांनाच डोस देत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत मात्र औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत संसर्ग जवळजवळ आढळलाच नाही. तीच गाठ जठरातून वाट काढून रिकामी करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी डोस देतात.

आणखी एक गैरसमज. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती अँटिबायोटिकने टळत नाही, कारण ती जंतूंमुळे येत नाही. तिच्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची सपोझिटरी गुदमार्गाने देतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगायला हवे.

भावाचे पहिले काही आठवडे चांगले गेले. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. पावसाळ्याचे दिवस, व्हायरल असेल असे समजून त्याने मेडिकलमधून अँटिबायोटिक आणले. पाकिटावर लाल रेघ होती, तरी चिठ्ठी कुणी मागितली नाही. याचा मला आजही राग येतो. ताप उतरला, सगळे निश्चिंत झाले. लघवी मात्र पुन्हा गडद पिवळी होऊ लागली होती. मग ताप उलटला, रक्तदाब ढासळला आणि त्याला आयसीयूत न्यावे लागले.

स्टेंट गाळाने तुंबला होता, वर पू झालेले पित्त साचले होते. गोळ्यांनी ताप दाबला. तुंबलेली नळी त्या कशा उघडणार? शिवाय आधीच औषध पोटात गेल्याने रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू उगवलेच नाहीत. नेमका जंतू कळेना, म्हणून डॉक्टरांना अंदाजाने जास्त ताकदीची औषधे द्यावी लागली. या वेळी अँटिबायोटिक अत्यावश्यकच होते, पण रात्रीच दुर्बिणीने स्टेंट बदलला, पित्त वाहिले, तेव्हा कुठे भाऊ सावरला.

घरात कुणाची अशी प्रोसिजर ठरली असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: निचरा पूर्ण होईल ना? अँटिबायोटिक देणार असाल तर कशासाठी, आणि एकच डोस की कोर्स? पेनिसिलिनची ॲलर्जी, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, सगळे सांगा. स्टेंट बदलायची तारीख लिहून घ्या. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो. आणि स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटात दुखू लागले, तर मेडिकलच्या दुकानात जाऊ नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.