यादी बंदीची नको, परवानगीची हवी

लातूरच्या ट्यूशन एरियात टेस्ट सिरीजचा पेपर एका टेबलावर टाइप होतो, दुसऱ्यावर तपासला जातो आणि छपाईसाठी कधी नांदेडच्या छापखान्यात जातो. ही सगळी ये-जा होते एका लिनक्स सर्व्हरवरून. असे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. त्यात पाहिलेलं एक प्रकरण सांगतो, कारण तशीच मांडणी मला पुढे आणखी काही ठिकाणी दिसली.

एका क्लासचा डीटीपी ऑपरेटर नोकरी सोडून दुसरीकडे लागला. काही दिवसांनी क्लासच्या सरांचा फोन आला. "अहो, त्याचं खातं तर आपण बंद केलं होतं ना? मग रविवारचा पेपर शनिवारीच बाहेर कसा गेला?"

मी गेलो आणि आधी लॉग उघडला. रात्री उशिराची नोंद होती, ‘ॲक्सेप्टेड पब्लिककी फॉर’ आणि पुढे त्याच ऑपरेटरचं युजरनेम. पेपर त्यानेच फोडला की त्याचा जुना लॅपटॉप आपोआप फायली ओढत होता, हे लॉग सांगत नाही. दार उघडं होतं, एवढं मात्र नक्की.

खातं बंद करणाऱ्याने दोन गोष्टी केल्या होत्या. ‘एफटीपीयूजर्स’ या फाइलमध्ये त्याचं नाव घातलं आणि पासवर्ड लॉक केला. पण ती फाइल फक्त एफटीपीला, म्हणजे फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीला, लागू होते. एसएफटीपी चालतं एसएसएचवरून, २२ नंबरच्या पोर्टवर, आणि ते त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. पासवर्ड लॉक केल्याने पासवर्ड चालेनासा होतो, पण पासवर्डऐवजी चालणारी, सर्व्हरवर ठेवलेली सार्वजनिक की तशीच राहते. खात्याची मुदत संपवली नाही आणि ती की काढली नाही, तर गेलेला माणूस आरामात आत येतो.

त्याच सर्व्हरवर उलटा घोळही होता. ‘एफटीपीयूजर्स’ ही मुळात बंदीची यादी. कोणीतरी तिला परवानगीची यादी समजून सगळ्या स्टाफची नावं तिच्यात भरली होती. साहजिकच स्टाफला आत जाता येईना. मग तोडगा म्हणून सगळ्यांना एकच सामायिक लॉगिन दिलं गेलं आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवला गेला. मग कोणी काय उतरवून नेलं, हे कोण सांगणार?

आता करायचं काय ते सांगतो.

पहिलं, बंदीच्या यादीवर विसंबू नका. तिच्यात ज्याचं नाव घालायचं राहिलं तो मोकळा सुटतो. परवानगीच्या यादीत ज्याचं नाव राहिलं तो बाहेर थांबतो आणि स्वतःच फोन करतो. एफटीपी सर्व्हर व्हीएसएफटीपीडी असेल तर ‘युजरलिस्ट_एनेबल’ला ‘यस’ आणि ‘युजरलिस्ट_डिनाय’ला ‘नो’ द्या. दुसरी ओळ विसरलात तर तीच युजरलिस्ट बंदीची ठरते. त्या युजरलिस्टमध्ये आधीपासून रूट वगैरे नावं असतील तर ती आधी काढा.

दुसरं, जमेल तिथे साधं एफटीपी बंदच करा. त्याचा प्रमाण नियम १९८५ चा, आणि त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जातो. एसएफटीपीसाठी वेगळा ग्रुप करा आणि एसएसएचच्या सेटिंगमध्ये त्या ग्रुपला ‘इंटर्नल-एसएफटीपी’ची सक्ती करून ‘क्रूटडिरेक्टरी’ने ठरलेल्या फोल्डरात कोंडा. पोर्ट फॉरवर्डिंगही बंद करा. ते कोंडायचं फोल्डर रूटच्या मालकीचं हवं आणि दुसऱ्या कोणाला त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर लॉगिनच होत नाही. इथेच वैतागून बरेच जण सगळं पुन्हा मोकळं सोडतात. तसं करू नका, आत लिहिण्यासाठी वेगळं फोल्डर द्या.

तिसरं, एसएसएचला परवानगी असलेले ग्रुप ठरवणारं ‘अलाउग्रुप्स’ लावताना आपला स्वतःचा ग्रुप त्यात आहे ना, ते पाहा. ‘एसएसएचडी’ला ‘-टी’ देऊन सेटिंग तपासा आणि चालू सेशन तोडू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं तरच पहिली बंद करा. नांदेडला बसून लातूरचा सर्व्हर लॉक झाला तर बस पकडावी लागते.

चौथं, तपासणी नकाराचीही करा. ज्याला प्रवेश नको त्याच्या खात्याने एफटीपी, एसएफटीपी आणि एसएसएच अशा तिन्ही वाटांनी आत जाऊन बघा, पासवर्डनेही आणि जिथे की चालते तिथे कीनेही. प्रत्येक वेळी नकार आला तरच खातं बंद झालं म्हणायचं.

शेवटचं काम सरांचं आहे. आत कोण असावं हे संगणकवाला ठरवू शकत नाही. महिन्याच्या पगारपत्रकाशेजारी परवानगीची यादी ठेवून नावं जुळवा. ज्याचा पगार थांबला त्याचं नाव यादीत दिसलं, तर त्याच वेळी संगणकवाल्याला फोन लावा.