गाडी गटाची, मग तिचे सांधेही ओळखीचे हवेत



पावसाळा संपला की आपल्या प्रभागसंघाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. गटाच्या जीपचं दुरुस्तीचं बिल! मागे एका गटाने असंच बिल पुढे ठेवलं. त्यावर एकच ओळ : 'सस्पेन्शनचं काम', आणि खाली रक्कम. काय बदललं, कुठल्या बाजूचं बदललं, कुठल्या कंपनीचं बसवलं, काहीच नाही. अध्यक्षताई म्हणाल्या, "आम्ही विचारलं होतं. तर म्हणाला, ताई तुम्हाला काय कळणार त्यातलं, सही करा."

तीन महिन्यांत तोच आवाज परत आला. गाडी चालवतो गटातल्याच एका ताईंचा मुलगा. सगळा दोष त्याच्यावर आला. गाडी आपटतो, जोरात हाणतो, असं बोलणं झालं. बैठकीत रडारड झाली आणि जीप विकून टाका इथपर्यंत गोष्ट आली.

त्यात माझीही एक चूक होती, ती आधी सांगते. आवाज 'कुई कुई' असा यायचा, म्हणून मीच सांगितलं होतं, "थोडं जळकं ऑइल मारा, बंद होईल." आवाज दोन दिवस बंद झालाही. पण ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर सुटतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर एका जाणत्या मिस्त्रीजवळ दोन दिवस बसून मी आणि गटातल्या चार जणी हे सगळं शिकलो. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्याला हे कशाला?

२०१७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली, तेव्हापासून बचत गटाच्या बाईच्या नावावर प्रवासी गाडी येऊ लागली. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपल्या नावावर. गाडीत बसतात त्याही आपल्याच : दवाखान्याला निघालेली गरोदर सून, शाळेची पोरं, बाजारचा माल घेतलेली मावशी. पाड्यावरचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. खड्डे, मोठे दगड, ओढ्यातलं पाणी, घाटाची वळणं. या रस्त्याचा सगळ्यात जास्त मार खातात ते पुढच्या चाकांचे सांधे. ते सुटले तर नुसता खर्च होत नाही, जिवावर बेतू शकतं.

आधी सांधे ओळखू या

बोलेरोसारख्या जीपला मागे कमानपाटे असतात आणि पुढे गोल कॉइल स्प्रिंग. पुढचं चाक चेसिसला धरून ठेवायला लोखंडी हात असतात. त्यांना गॅरेजमध्ये 'आर्म' म्हणतात, एक वरचा आणि एक खालचा. खड्ड्यात चाक वर-खाली होतं ते या आर्मवर. (काही पिकअपला पुढेही कमानपाटेच असतात, तिथे असे आर्म नसतात. तुमची गाडी कुठली ते आधी वाकून पाहा.)

आर्मच्या दोन टोकांना दोन प्रकारचे सांधे असतात.

बुश : आर्म चेसिसला जिथे जोडलेला असतो तिथे. हे दाराच्या बिजागरीसारखं काम करतं, फक्त वर-खाली. लोखंडाच्या दोन नळ्या आणि मध्ये रबर. खड्ड्याचा दणका हे रबर पितं.

बॉल जॉइंट : आर्म चाकाकडे जिथे जोडलेला असतो तिथे. हा आपल्या खुब्यासारखा. वाटीत गोळा बसवलेला, त्यामुळे चाक वर-खालीही होतं आणि स्टिअरिंगबरोबर वळतंही. त्यावर रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. आत ग्रीस असतं.

खुबा निसटला तर माणूस उभा राहत नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी तिथेच बसते. म्हणून बुश खराब झालं तर काम लवकर काढा, पण बॉल जॉइंट सैल झाला तर गाडी फेरीला पाठवूच नका.

गाडी काय सांगते ते ऐका

- लहान खड्ड्यात पुढून 'टक टक' असा आवाज येतो.
- स्टिअरिंग वळवताना करकर होते.
- ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.
- सरळ रस्त्यावरही गाडी डुलते, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं.
- पुढचा टायर आतून किंवा बाहेरून, एकाच कडेला जास्त झिजतो.

यातलं एखादं लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं. टायरमधली हवा कमी-जास्त असेल तरी गाडी ओढते. म्हणून लक्षण दिसलं की लगेच सामान बदलायला सांगायचं नाही. आधी तपासायचं.

तपासणी : महिन्यातून एकदा, दोघी-तिघी मिळून

१. सपाट, टणक जागेवर गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली बघायचंच असेल तर घोडी लावा आणि मगच वाका.

२. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसली असेल तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या जवळ लावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंग आर्मला दाबून धरते आणि सांध्यातला ढिलेपणा कळतच नाही. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर मात्र जॅक चेसिसखाली लावायचा. जॅक कुठे टेकवायचा ते पहिल्या वेळी मिस्त्रीकडून दाखवून घ्या.

३. चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. एक हात टायरच्या वर, एक खाली धरून हलवा. टक् लागतं का ते पाहा. गॅरेजमध्ये याला 'प्ले' म्हणतात.

४. प्ले जाणवला तर दुसरीने ब्रेक दाबून धरायचा आणि चाक परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे बोट जातं. एवढी एक युक्ती माहीत असली तर नको ते सामान बदललं जात नाही.

५. टायरखाली पहार घालून अलगद उचला. तिसरीने बॅटरीच्या उजेडात लांबूनच बॉल जॉइंटकडे पाहायचं. आर्म जागेवर आणि चाक तेवढं वर येतं, असं दिसलं तर सांधा झिजला.

६. आता हात टायरच्या डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. इथे प्ले असेल तर तो बहुतेक टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या सांध्याचा.

७. शेवटी बूट आणि बुश नुसते पाहा. बूट फाटलंय का, ग्रीस बाहेर आलंय का? बुशच्या रबराला चिरा आहेत का, रबर लोखंडापासून सुटलंय का, मधली नळी एका बाजूला सरकलीय का?

किती प्ले चालतो ते प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण डोळ्यांना दिसला किंवा हाताला टक् लागला, तर त्या दिवशीची फेरी रद्द करा आणि मिस्त्रीला दाखवा. एक दिवसाची कमाई गेली तरी चालेल.

निगा

बॉल जॉइंट : काहींना ग्रीस भरायचं निप्पल असतं, काही बंद असतात. निप्पल असेल तर आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. पंप हळू मारा. बूट थोडं फुगलं की थांबा. जोरात मारलं तर बूटच फाटतं. बंद जॉइंटला ग्रीस भरता येत नाही, तिथे फक्त बुटावर लक्ष. बूट फाटलं की चिखल-पाणी आत जातं, गंज धरतो आणि चांगला जॉइंटही लवकर संपतो. ओढ्याच्या पाण्यातून फेऱ्या होतात त्या दिवसांत दर आठवड्याला बूट पाहा. निप्पल असलेल्या जॉइंटला पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस द्याच.

रबरी बुश : त्याला काहीही लावायचं नाही. ऑइल नाही, डिझेल नाही, ग्रीस नाही. गाडी डिझेलने धुवायची सवय असेल तर तीही बंद करा. साधं पाणी पुरे.

कुठलं सामान घ्यायचं?

दुकानात तीन प्रकार पुढे येतात.

रबरी बुश, गाडीबरोबर येतं तसं. दणका पितं, आवाज करत नाही, निगा लागत नाही. प्रवासी गाडीला हेच बरं.

पॉलीयुरेथेनचं बुश, बहुतेक रंगीत असतं. रबरापेक्षा कडक, ऑइलला दाद देत नाही, टिकतं जास्त. पण दणका आत माणसांपर्यंत येतो. त्याच्यासाठी सांगितलेलंच ग्रीस लावावं लागतं, ते सुकलं की करकरतं.

लोखंडी गोळ्याचा सांधा, ज्याला रॉड एंड म्हणतात. हा शर्यतीच्या आणि डोंगरात हौसेने चालवायच्या गाड्यांना लावतात. चाक खूप वर-खाली होऊ देतो, पण धूळ-चिखलात लवकर झिजतो, खडखडतो आणि सारखं लक्ष मागतो. कुणी "मजबूत आहे" म्हणून गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. आपल्या गाडीत आजारी माणूस बसतो.

सामान घेताना आरसी बुक बरोबर न्या. चेसिस नंबरवरून नेमका पार्ट नंबर मिळतो. पाकिटावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर, छापील किंमत आहे का ते वाचा. सुटं, पाकीट नसलेलं सामान बॉल जॉइंटसाठी घेऊच नका. तिथे वाचवलेले पैसे महाग पडतात.

बसवताना या गोष्टी विचारा

त्या गटाचं नवं बुश तीन महिन्यांत का गेलं, ते इथे कळलं. एक तर माझं ऑइल. दुसरं कारण असं : गाडी वर उचललेली, चाकं लोंबकळत होती, आणि तशातच बुशचे बोल्ट पक्के आवळले गेले. गाडी खाली आल्यावर आर्म वर सरकतो आणि रबराला पीळ पडतो. मग ते रात्रंदिवस पिळलेलंच राहतं आणि फाटतं. म्हणून बोल्ट आधी सैलसर लावायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळायचे. मुलाच्या चालवण्याचा यात दोष नव्हता. पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्याच्या आईपुढे मीही माझी चूक कबूल केली.

बाकीचं थोडक्यात :
- बुश एका बाजूचं गेलं असेल तर दुसऱ्या बाजूचंही तपासून घ्या. जोडीने बदललेलं बरं.
- बॉल जॉइंट प्रेसने बसवा म्हणा, हातोड्याने ठोकून नको. जॉइंट आर्ममध्ये घट्ट बसत नसेल तर आर्मच बदलावा लागतो.
- नटात कॉटर पिन असेल तर ती नवीनच घाला. जुनी सरळ करून परत वापरायची नाही.
- काम झालं की व्हील अलाइनमेंट करा, नाहीतर नवा टायर एका कडेने जातो.
- आठवड्याने सगळे नट एकदा तपासून घ्या.

वही आणि पैसा

बचतीची वही ठेवतो तशी गाडीचीही ठेवू या. रकाने : तारीख, किलोमीटर, कुठलं सामान, डावं की उजवं, कंपनी, किंमत, जुनं सामान परत घेतलं का. जुना तुकडा हातात घेतल्याशिवाय बिलावर सही नाही, असा ठराव प्रत्येक गटाने करावा. त्यात अविश्वास नाही, हिशेब आहे. चांगला मिस्त्री स्वतःहून दाखवतो.

दुरुस्तीसाठी फेरीमागे थोडे पैसे बाजूला टाका. समजा फेरीला २० रुपये, दिवसाला ४ फेऱ्या, महिन्याचे २५ दिवस. महिन्याला २,००० रुपये जमतात. मग टक टक ऐकू आल्यावर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायची वेळ येत नाही.

पुढच्या बैठकीत करून पाहू

ज्या गटाकडे जीप आहे त्यांनी ती बैठकीच्या जागी आणायची. प्रत्येकीने एक बुश आणि एक बॉल जॉइंट बोट दाखवून ओळखायचा. दोघींनी ब्रेकची युक्ती करून दाखवायची. जिला लिहिता येत नाही तिनेही करायचं, याला अक्षरांची गरज नाही, हात आणि कान लागतात. वहीचं पहिलं पान तिथेच भरू.

त्या गटाची जीप आज चालू आहे. परवा अध्यक्षताई गॅरेजमध्ये गेल्या, तेव्हा मिस्त्रीने परत विचारलं, "ताई, तुम्हाला यातलं कळतं?" त्या म्हणाल्या, "गाडी खाली घे, मग बोल्ट आवळ."

तुमची,
क्षेत्र समन्वयक