संकल्पातील देशकाल आणि घरामागील नदी

कोणत्याही पूजेचा आरंभ संकल्पाने होतो. आचमन व प्राणायाम झाल्यावर यजमान उजव्या हातात उदक घेतो आणि आपण कोठे व कोणत्या काळी आहोत, याचा उच्चार करतो. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचे तीर हे स्थळ. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष व तिथी हा काळ. इच्छित फलाचा उल्लेख त्यानंतर येतो. या क्रमात मोठे मर्म आहे. स्थळकाळाचे भान आल्यावाचून उपासना सुरू होत नाही. अध्यात्मात ज्याला जाणीव जागी होणे म्हणतात, त्याची ही पहिली पायरी होय.

कलश आणि नदी

संकल्पानंतर कलशपूजन येते. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सात नद्यांना कलशातील जलात आवाहन केले जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील घरांतही हे आवाहन नित्य होते. मात्र उपनगरांच्या स्वतःच्या चार नद्या आहेत, हे अनेकांच्या ध्यानीही नसते. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातून निघते. पोयसर नदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात व ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांत उगम पावते. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. डोंगरात निर्मळ असणाऱ्या या नद्या वस्तीत येताच ‘नाला’ म्हणून ओळखल्या जातात. नाव पालटले की भावही पालटतो. नदीस हात जोडले जातात. नाल्यात कचरा टाकताना हात अडत नाही.

२६ जुलै २००५

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्यास पाऊस ७५ मिलिमीटरही नव्हता. भरावाने आक्रसलेले, वळवलेले व कचऱ्याने भरलेले मिठीचे पात्र तो लोंढा सामावू शकले नाही. त्यात भरतीची भर पडली. कुर्ला, कलिना, साकीनाका हे भाग जलमय झाले आणि महानगरात शेकडो जीव गेले. आकाशातून पडलेले पाणी मनुष्याच्या हाती नव्हते; परंतु त्याची वाट मनुष्यानेच अडविली होती.

असे प्रसंग आता अपवादात्मक मानता येत नाहीत. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांसह झालेल्या संशोधनातून २०१७ साली पुढे आले. संकल्पात ‘वर्षा ऋतौ’ असा उच्चार करणाऱ्याने तो ऋतूच पालटत आहे, हेही जाणले पाहिजे.

पोढी : पाण्याचे दान

बोरिवलीच्या वनातील कान्हेरीची बौद्ध लेणी या बाबतीत गुरुस्थानी आहेत. तेथे शंभराहून अधिक लेणी असून ठिकठिकाणी कातळात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. डोंगरमाथ्यावरील पावसाचे पाणी लहान चरांवाटे या टाक्यांत उतरविले जाई. शिलालेखांत अशा टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सुवर्णकाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे. त्या दात्याने तृषार्तांसाठी पावसाचे पाणी साठविले, आणि सुमारे दोन सहस्र वर्षे त्याचे पुण्य कातळात टिकून आहे.

घेणे आणि परत देणे

विहार तलाव १८६० साली व तुळशी तलाव १८७९ साली पूर्ण झाला. आजही ते मुंबईस पाणी देतात. परंतु महानगराचे बहुतांश पाणी तानसा, वैतरणा व भातसा खोऱ्यांतील धरणांतून येते. यांपैकी मोठी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य, यज्ञ व कर्म यांचे चक्र सांगितले आहे, आणि देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो भोगतो त्यास चोर म्हटले आहे. नळ उघडणाऱ्या प्रत्येक हाताने हे वचन स्मरावे. योगशास्त्रातील अस्तेय व अपरिग्रह हे यम येथे दैनंदिन आचरणात उतरतात.

भाविकांसाठी आचरण

१. संकल्प करताना आपल्या परिसरातील नदीचे वा तलावाचेही मनोमन स्मरण करावे. घरातील मुलांस ती नदी कोठून येते व कोठे जाते, हे दाखवावे.

२. गणेशचतुर्थीस पूजिली जाणारी मूर्ती ‘पार्थिव’ म्हणजे मातीची असते. ती मातीतच मिळावी हा हेतू. म्हणून शाडूची वा साध्या मातीची लहान मूर्ती आणावी व तिचे विसर्जन घरी किंवा कृत्रिम तलावात करावे.

३. निर्माल्य नदीत वा खाडीत टाकू नये. दोरा, प्लास्टिक व थर्माकोल वेगळे काढून फुले-पत्री निर्माल्य कलशात द्यावी किंवा तिचे खत करावे.

४. अभिषेकास एक तांब्या जल पुरेसे आहे; भाव मोजपट्टीने मोजला जात नाही. गळणारा नळ त्याच दिवशी दुरुस्त करावा.

५. दात्यांनी अन्नदानाबरोबर जलदानाचाही विचार करावा. जुन्या विहिरीचा गाळ काढणे, गृहसंकुलाच्या गच्चीवरील पाणी जमिनीत मुरविणे, टंचाईच्या पाड्यावर टाकी बांधून देणे, ही आजच्या काळातील पोढीच होय.

पूजा संपल्यावर कलशातील जल घरभर शिंपडतात आणि उरलेले तुळशीच्या मुळाशी घालतात. ते मोरीत ओतण्यास कोणाचाही हात धजत नाही. एका कलशातील जलाविषयी असलेला हा आदर घरामागून वाहणाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचावा, म्हणजे प्रातःकाळी उच्चारलेला संकल्प सिद्धीस गेला असे म्हणता येईल.