ती पिवळी व्हॅन ढकलावी का लागते?

प्रश्न : ‘लिटल मिस सनशाइन’ हा सिनेमा बघताना माझी लाडकी जुनी फोक्सवॅगन व्हॅन लगेच ओळखू आली. तिचं मॉडेल कोणतं? आणि सगळं घर तिला ढकलत धावतं, मग एकेक जण चालत्या गाडीत उडी मारतो, हे खरंच होऊ शकतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होऊ शकतं, आणि पटकथाकार मायकल आर्न्ट यांच्या लहानपणी ते झालंही होतं. त्यांच्या घरच्या अशाच व्हॅनचा क्लच प्रवासात गेला आणि सहाशे मैल ती ढकलत-ढकलतच घरी आणावी लागली. पुढे याच पटकथेला ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे धक्का मारतो तो बहुधा बॅटरी उतरली म्हणून. इथलं दुखणं वेगळं आहे. गाडी जागची हलवताना इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. दोघांची गाठ हळूहळू घालून देतो तो क्लच. तो नसेल तर पहिला गिअर टाकताच गाडी गचका खाऊन बंद पडते. पण चाकं आधीच फिरती असली, ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वेग आला, की थेट तिसऱ्यात घालता येते. तिसऱ्याचा चौथा करायला अॅक्सिलरेटर सांभाळून, इंजिनाचा आवाज ओळखून गिअर सरकवला की पुरतं. जुन्या ट्रक ड्रायव्हरांना हे सांगायला नको. सुरुवातीचा हा वेग आपोआप मिळावा म्हणून सिनेमातला मेकॅनिक गाडी उतारावर लावायचा सल्ला देतो. मला हा सिनेमा आवडतो तो यासाठीच : एकमेकांशी धड न बोलणारी माणसं खांद्याला खांदा लावतात, ती केवळ एका खऱ्याखुऱ्या बिघाडापायी. चित्रीकरणासाठी तशाच पाच व्हॅन वापरल्या होत्या. त्यातल्या दोन बिनइंजिनाच्या, ट्रेलरवर चढवलेल्या.

मॉडेल म्हणाल तर टाइप २ची दुसरी पिढी, १९६७मध्ये आलेली. समोर एकसंध, बाक असलेली काच आणि बाजूला सरकतं दार, जे सिनेमात चक्क निखळून पडतं. पहिल्या पिढीची काच मधोमध दुभागलेली असते; ‘लिटल मिस सनशाइन’प्रमाणे २००६मध्येच आलेल्या ‘कार्स’ या अॅनिमेशनपटातली फिलमोर नावाची व्हॅन त्या घाटाची. आणि एखाद्या सिनेमात दुसऱ्या पिढीसारख्याच व्हॅनच्या तोंडावर मोठी काळी जाळी दिसली, तर ती बहुधा ब्राझीलची समजा. तिथे ही व्हॅन २०१३पर्यंत बनत होती आणि शेवटच्या काही वर्षांत तिला पाण्याने थंड होणारं इंजिन बसवलं होतं. ती जाळी त्याच्या रेडिएटरची.