वेदनेचे चार रकाने

हिशेबाच्या वहीत जो खर्च मांडला जात नाही, तो झालाच नाही असे नव्हे. तो दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असतो. आयुष्यभर जमाखर्च लिहीत आलेल्या आम्हाला हा नियम रुग्णालयालाही तितकाच लागू आहे, हे फार उशिरा उमगले. ते कसे, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या एक भगिनी आमच्याकडे किरणोपचारासाठी येत असत. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असल्याने त्यांना बिलाची चिंता नव्हती. या आजारात बाहेरून व आतून दिले जाणारे सर्व किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावेत, असा वैद्यकीय दंडक आहे. खंड पडल्यास आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. तिसऱ्या आठवड्यात त्या येईनाशा झाल्या. आमच्या नोंदवहीत ‘रुग्ण अनुपस्थित’ असा शेरा पडला आणि पुढे सहा वेळा तोच शेरा उमटत गेला. त्यानंतर आमच्या समाजसेविकेने त्यांचे गाव गाठले. सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी रोज बुडत होती, हे एक कारण. दुसरे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले : “माझं ताट वेगळं ठेवलंय, ताई. मग जगायचं तरी कशापायी?”

एका ताटात जेवल्याने कर्करोग होत नाही, हे त्या घरी जाऊन सांगणे कोणाचे काम होते? आमच्या कागदोपत्री ते कोणाचेच नव्हते. यंत्र होते, तज्ज्ञ होते, योजना होती. तरीही उपचार थांबला होता.

या प्रश्नाचा विचार फार पूर्वी लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी केला. त्या आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना ‘समग्र’ असते, असे त्यांचे प्रतिपादन होते : शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची. यांपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले, तर उरलेल्या तिन्ही वाढतात. भारतात अशा सेवेचे पहिले घर, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उभे राहिले. आमच्यासारख्या हिशेबी माणसाला हे चार रकानेच वाटतात.

पहिला रकाना शरीराचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरील औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या. साध्या वेदनाशामक गोळीपासून मॉर्फिनपर्यंत. मॉर्फिनचे नाव निघताच व्यसन लागेल किंवा अखेर जवळ आली, अशी शंका आप्तांच्या मनात येते. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाबाबत अशी धास्ती बाळगू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक अटींमुळे हे औषध मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळशी सुकर झाली.

दुसरा रकाना मनाचा. शून्य ते दहा अशा खुणांची पट्टी दाखवून “गेल्या आठवड्यात मनावर किती ताण होता?” एवढेच विचारायचे. उत्तर चार किंवा अधिक आल्यास समुपदेशकाकडे पाठवायचे. “त्यांना आजाराचे नाव सांगू नका,” असे अनेक कुटुंबे प्रेमापोटी विनवितात. परंतु रुग्ण बहुधा ओळखून असतो, आणि मग एकाच घरात दोघेही एकमेकांपासून तेच दुःख लपवीत राहतात.

तिसरा रकाना संसाराचा : भाडे, मुक्काम, जेवण, बुडालेला रोजगार. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला विहित प्रमाणपत्रावर स्लीपर वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे रुग्णांना आसरा देतात. ही माहिती पहिल्याच दिवशी हाती पडली पाहिजे.

चौथा रकाना सर्वांत अवघड. “हे कोणत्या पापाचे फळ?” या प्रश्नाला रुग्णालयाकडे उत्तर नाही. हा दोष तुमचा नव्हे, एवढे सांगावे आणि शांतपणे जवळ बसावे.

हा सारा भावनेचा भाग आहे, असे कोणास वाटेल. अमेरिकेत बोस्टन येथे फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत आरंभापासूनच उपशामक सेवा मिळालेल्यांचे जीवनमान सुधारले आणि नैराश्य कमी आढळले. त्यांचे मध्यक आयुष्यमान ११.६ महिने होते, तर इतरांचे ८.९ महिने. म्हणजे ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी नाही. ती उपचाराच्या पहिल्या दिवसापासून हवी.

त्या भगिनी परत आल्या. समाजसेविकेने त्यांच्या घरी सर्वांसमवेत बसून एक घास खाल्ला. कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला. उपचार पुरे झाले, परंतु आठ आठवड्यांत नव्हे. वाया गेलेले ते दिवस आम्ही कोणत्याही जमेच्या बाजूला लिहू शकत नाही.

आता प्रत्येक नव्या कागदावर हे चार रकाने असतात, आणि रुग्ण न आल्यास त्याच दिवशी दूरध्वनी जातो. यंत्राला देणगी दिली की त्यावर दात्याचे नाव कोरता येते. मुक्कामाच्या खाटेला, जेवणाच्या ताटाला वा समाजसेविकेच्या वेतनाला दिलेली देणगी तशी दिसत नाही. तरी आमची नम्र विनंती अशी की, पुढील वर्षी या न दिसणाऱ्या खर्चासही आपला हातभार लाभावा. यंत्रापर्यंत रुग्ण पोहोचतो, तो त्याच्याच आधाराने.