मस्की माशासाठी ट्रोलिंगचं रीळ कसं निवडायचं? – गुणोत्तर, परीघ आणि घर्षण यांचा एकत्र पाठ



गुणोत्तर, वर्तुळाचा परीघ आणि घर्षण हे तीन घटक आपण मुलांना वेगवेगळ्या वेळी शिकवतो. पहिले दोन गणिताच्या तासाला, तिसरा विज्ञानाच्या तासाला. मुलं उदाहरणं सोडवतात, गुणही मिळवतात. पण "हे तिन्ही एकाच वस्तूत दाखव" म्हटलं की गप्प बसतात. आजच्या पाठात अशी एक वस्तू घेतली आहे. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात मस्की नावाचा मोठा मासा गळानं पकडतात. त्यासाठी वापरायचं रीळ निवडताना हे तिन्ही घटक कामाला येतात. शिवाय ही निवड चुकली तर त्याची किंमत माशाला मोजावी लागते, म्हणून मुलं हिशोब मनापासून करतात.

पाठाची उद्दिष्टे

१. गिअरचं गुणोत्तर बदललं की वेग आणि जोर कसे बदलतात हे सांगता येणे.
२. परीघाचं सूत्र वापरून मोजणी का चुकते ते शोधता येणे.
३. घर्षण उपयोगी कसं पडतं हे उदाहरणानं पटवता येणे.
४. "सगळ्यात चांगलं कोणतं?" याऐवजी "या कामासाठी योग्य कोणतं?" असा प्रश्न विचारता येणे.

आधी मासा समजून घेऊ

मस्कीचं पूर्ण नाव मस्केलंज. हे नाव ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलं आहे. पाइक कुळातला हा सगळ्यात मोठा मासा. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरची पंचमहासरोवरं, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीच्या वरच्या भागातलं खोरं आणि आसपासची असंख्य तळी हे त्याचं घर. विस्कॉन्सिन राज्यानं १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. तीन-चार फूट लांबीचे मस्की पुष्कळ सापडतात. १९४९ साली विस्कॉन्सिनमध्ये पकडलेला ६७ पौंड ८ औंसांचा, म्हणजे सुमारे ३०.६ किलोचा मस्की विक्रमी म्हणून नोंदवला गेला आहे.

हा शिकारी मासा आहे. तो एकटा राहतो आणि एका तळ्यात त्याची संख्या थोडीच असते. "दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक मिळतो" अशी त्याची ख्याती आहे. त्याला मोठं व्हायला बरीच वर्षं लागतात, म्हणून एक मोठी मादी मेली तर त्या तळ्याचं नुकसान लवकर भरून येत नाही. यामुळेच मस्की पकडणारे बहुतेक जण मासा मोजून लगेच पाण्यात परत सोडतात. १९६६ मध्ये मिनेसोटात सुरू झालेल्या मस्कीज इंक या संस्थेनं ही पद्धत रुजवायला मोठा हातभार लावला.

ट्रोलिंग म्हणजे काय?

काठावर बसून गळ टाकणं मुलांना माहीत असतं. ट्रोलिंगमध्ये होडी सतत चालू असते आणि तिच्यामागे दोरीला बांधलेलं नकली आमिष ओढलं जातं. मस्कीसाठी होडीचा वेग साधारण ताशी ३ ते ५ मैल, म्हणजे ५ ते ८ किलोमीटर असतो. आमिष वीतभर किंवा त्याहूनही लांब, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं, माशाच्या आकाराचं. त्याच्या तोंडाशी असलेल्या पट्टीमुळे ते ओढलं की खाली बुडी मारतं आणि थरथरत पोहतं. काठी होडीच्या कडेला खोबणीत अडकवून ठेवलेली असते.

आता मुलांना विचारा: या सगळ्यात रिळाला नेमकं काय करावं लागतं? फळ्यावर यादी करू या.

- होडी चालू असताना आमिषाची सततची ओढ तासन्‌तास सहन करायची.
- दोरी किती बाहेर गेली ते सांगायचं.
- मासा लागला की तुटेल इतकं न ताणता दोरी सोडायची.
- मग माशाला लवकर होडीपाशी आणायचं.

वारंवार गळ फेकणं या यादीत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. फेकून मासेमारी करणाऱ्याला हलकं आणि वेगवान रीळ लागतं. ट्रोलिंगचं काम वेगळं, म्हणून रीळही वेगळं.

मुद्दा पहिला: गिअरचं गुणोत्तर

रिळावर ४.२ : १ असा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा की हँडल एकदा फिरवलं की दोरी गुंडाळणारी फिरकी ४.२ वेळा फिरते. सायकलच्या पायडल आणि मागच्या चाकासारखंच हे.

समजा फिरकीवर दोरी गुंडाळलेली असताना तिचा व्यास ५ सेंमी आहे.

परीघ = ३.१४ × ५ = १५.७ सेंमी

४.२ : १ असताना हँडलच्या एका फेऱ्यात १५.७ × ४.२ = सुमारे ६६ सेंमी दोरी आत येते.
६.३ : १ असताना १५.७ × ६.३ = सुमारे ९९ सेंमी.

१०० फूट, म्हणजे ३०.४८ मीटर दोरी आत घ्यायला पहिल्या रिळाला सुमारे ४६ फेरे लागतील, दुसऱ्याला ३१. इथे वर्गात लगेच आवाज येईल, "दुसरं घ्या!" थांबा म्हणायचं आणि जोराचा हिशोब मांडायचा.

हँडल १० सेंमी लांब आहे. फिरकीची त्रिज्या २.५ सेंमी. आपण हँडलवर ५ किलो वजनाइतका जोर लावला आणि आतलं घर्षण सोडून दिलं, तर दोरीवर मिळणारा जोर असा:

४.२ : १ साठी (५ × १०) ÷ (४.२ × २.५) = सुमारे ४.८ किलो
६.३ : १ साठी (५ × १०) ÷ (६.३ × २.५) = सुमारे ३.२ किलो

म्हणजे वेगात जे कमावलं ते जोरात गमावलं. मोठं आमिष आधीच पाणी कापत ओढ देत असतं. त्यात पाणवनस्पती अडकल्या, किंवा चार फुटांचा मासा लागला, तर कमी गुणोत्तराचं रीळ हाताला सोपं जातं. म्हणून ट्रोलिंगसाठी साधारण ४ ते ५ च्या आसपासचं गुणोत्तर अनेक जण पसंत करतात. चढावर सायकलचा कोणता गिअर टाकतोस, एवढा एक प्रश्न विचारला तरी मुलं हे पटकन पकडतात.

मुद्दा दुसरा: दोरी मोजणारं यंत्र आणि परीघ

मस्कीच्या ट्रोलिंगसाठी बहुतेक जण मोजणीयंत्र असलेलं रीळ घेतात. छोट्या खिडकीत फुटांचे आकडे दिसतात. याची गरज काय? आमिष किती खोल जाईल हे बाहेर सोडलेल्या दोरीच्या लांबीवर बरंच अवलंबून असतं. ६० फूट दोरी बाहेर असताना मासा लागला, तर पुढच्या वेळी आमिष पुन्हा ६० फुटांवरच सोडायचं. अंदाज चुकला तर आमिष माशाच्या कितीतरी वरून जातं, नाहीतर तळाच्या दगडात अडकतं.

पण यांत्रिक मोजणीयंत्र प्रत्यक्षात दोरी मोजत नाही. ते फिरकीचे फेरे मोजतं, आणि एका फेऱ्यात ठरावीक लांबीची दोरी जाते असं धरून आकडा दाखवतं. ही ठरावीक लांबी म्हणजे काय, असं मुलांना विचारा. उत्तर आहे परीघ. फिरकी पूर्ण भरलेली असताना यंत्राचं गणित जुळतं. कमी भरली तर व्यास कमी, परीघ कमी, आणि आकडा खोटा.

यंत्र ५ सेंमी व्यासासाठी बनवलंय, पण दोरी कमी गुंडाळल्यामुळे व्यास ४ सेंमीच आहे असं समजू. यंत्रानं १०० फूट दाखवले तर खरी दोरी किती?

१०० × ४ ÷ ५ = ८० फूट

वीस फुटांचा फरक! यंत्र बिघडलेलं नाही. त्याच्या गृहीतकाकडे आपण लक्ष दिलं नाही.

यावरचा उपायही शिकण्यासारखा आहे. मस्कीसाठी विणलेली, बारीक पण अतिशय मजबूत दोरी वापरतात, साधारण ८० पौंड ताकदीची. ती महाग असते. म्हणून फिरकीवर आधी स्वस्त नायलॉनचा तंगूस गुंडाळतात आणि वर विणलेली दोरी. यानं दोन कामं होतात. फिरकी काठोकाठ भरते, आणि गुळगुळीत फिरकीवर विणलेली दोरी घसरत नाही. इतकं करूनही जाणकार लोक जमिनीवर १०० फूट मोजून, दोरी ओढून, यंत्राचा आकडा एकदा पडताळतात.

मुद्दा तिसरा: ड्रॅग, म्हणजे उपयोगी घर्षण

रिळाच्या आत चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. बाहेरचं चांदणीच्या आकाराचं चाक पिळलं की दाब वाढतो, घर्षण वाढतं. दोरीवर ठरावीक ओढीपेक्षा जास्त ताण आला की चकत्या घसरतात आणि दोरी सुटते. यालाच ड्रॅग म्हणतात. आमिषाच्या नेहमीच्या ओढीनं तो घसरता कामा नये, पण माशाच्या हिसक्यानं घसरायलाच हवा. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही आणि होडी तर पुढेच चाललेली असते. त्यामुळे हिसका सहन करायला काठी आणि ड्रॅग हेच दोघे उरतात. दोरी सुटू लागली की कर्रर्र आवाज करणारी खटकी रिळावर असते, तिच्यावरूनच मासा लागल्याचं कळतं.

इथे स्थितिक आणि गतिक घर्षणाचा फरक शिकवा. थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, सरकू लागल्यावर कमी. हलक्या प्रतीच्या ड्रॅगमध्ये हा फरक मोठा असतो. तो आधी अडतो, मग झटक्यानं सुटतो. त्या क्षणी दोरी तुटते किंवा माशाच्या तोंडातला गळ फाटून निघतो. म्हणून ड्रॅग कमाल किती ताण धरतो यापेक्षा तो किती सलग सुटतो हे आधी बघायचं.

मग कोणतं निवडायचं?

मुलांना दोन काल्पनिक रिळांची माहिती द्या आणि निवड कारणांसह लिहायला सांगा.

रीळ 'अ': ६.३ : १, हलकं, मोजणीयंत्र नाही, ड्रॅग सलग.
रीळ 'ब': ४.२ : १, जड, मोजणीयंत्र आहे, ड्रॅग सलग.

ट्रोलिंगसाठी 'ब' हे उत्तर बहुतेक मुलं देतील. मग विचारा, "दिवसभर हातानं गळ फेकायचा असेल तर?" उत्तर बदलतं. निवड कामावरून ठरते, हे इथे पक्कं होतं.

वर्गातली कृती

१. सायकल उलटी ठेवा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते मोजा. पुढचे आणि मागचे दाते मोजून गुणोत्तराशी ताडून बघा.
२. पतंगाच्या मांजाची भरलेली आसारी आणि अर्धी रिकामी आसारी घ्या. दोन्हींचे दहा-दहा फेरे दोरा सोडा आणि लांबी मोजा. दोरा साधा सुतीच वापरा.
३. लाकडी ठोकळ्याला तानकाटा अडकवून टेबलावर ओढा. ठोकळा हलण्याआधीचं आणि हलल्यानंतरचं वाचन लिहा.

सरावासाठी

१. फिरकीचा व्यास ६ सेंमी, गुणोत्तर ५ : १. एका फेऱ्यात किती दोरी आत येईल? (उत्तर: ९४.२ सेंमी)
२. यंत्र ५ सेंमी व्यासासाठी आहे. प्रत्यक्ष व्यास ४.५ सेंमी. आकडा ६० फूट. खरी लांबी किती? (उत्तर: ५४ फूट)
३. व्यास ५ सेंमी असताना ड्रॅग ४ किलो ओढीला सुटतो. चकत्यांचं घर्षण तेच ठेवून व्यास ४ सेंमी झाला तर? (उत्तर: ५ किलो. त्रिज्या कमी झाली की सुटायला जास्त ओढ लागते.)

पालकांसाठी थोडंसं

घरी मूल विचारेल, "सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला?" हा प्रश्न टाळू नका. मौजेसाठी एखाद्या जिवाला त्रास द्यावा का, यावर मोठ्यांचीही मतं वेगवेगळी आहेत. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. अमेरिकेत १९५० च्या एका केंद्रीय कायद्यानुसार मासेमारीच्या साधनांवरच्या कराचा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळतो. म्हणजे रीळ विकत घेणारा माणूस त्या तळ्याच्या देखभालीलाही हातभार लावतो. दुसरीकडे, कमकुवत साधन घेऊन माशाला फार वेळ झुंजवलं तर तो दमून, सोडल्यानंतरही मरू शकतो. उन्हाळ्यात पाणी गरम झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि धोका वाढतो. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की अनेक अनुभवी मंडळी मस्कीच्या मागे जातच नाहीत. योग्य रीळ घेणं आणि कधी कधी ते घरीच ठेवणं, दोन्ही त्याच समजुतीतून येतं.

पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी निवडीची कोणती कारणं दिली ते जरूर कळवा.